जुने पंखे: स्वस्तात घ्या, चालते करा, चकचकीत करू नका

जुन्या पंख्यांचा नाद नव्याने लागला की माणूस आधी पितळी पात्यांच्या विलायती पंख्यामागे धावतो. मुंबईच्या चोर बाजारात मटण स्ट्रीटवरच्या एखाद्या दुकानात तो दर्शनी ठेवलेला असतो, दुकानदार त्याला 'अँटिक' म्हणतो, आणि किंमत ऐकून आपण 'बघतो' म्हणत पुढे सरकतो. सरकलात ते बरंच झालं. नवशिक्याने हात घालावा असा तो पंखा नव्हे.

शिकायला चांगला तो साधारण १९५५ ते १९८५ या काळात आपल्याकडेच बनलेला, सोळा इंची टेबल फॅन. उषा, ओरिएंट, रॅलीफॅन, क्रॉम्प्टन, जी.ई.सी., पुण्याचा मॅचवेल, यातला कुठलाही चालेल. अंग बिडाचं किंवा जाड ॲल्युमिनियमचं, मोटर तांब्याच्या वाइंडिंगची (म्हणजे आतल्या तारेच्या वेढ्यांची), आणि सगळं स्क्रूंनी जोडलेलं, म्हणजे उघडता येतं. आजच्या प्लॅस्टिकच्या पंख्यात मोटर गेली की पंखा गेला. यात तसं नाही. पंखा आणि दुरुस्ती मिळून दोन हजारांच्या वर जायला लागलं की मी हात आखडता घेतो. तुमचा आकडा वेगळा असेल, पण तो घरून निघतानाच ठरवा, दुकानात उभं राहून नाही.

कुठे शोधायचा

सगळ्यात चांगला बाजार म्हणजे नातेवाइकांचा माळा. गिरगाव, दादर, लालबाग, परळ इथल्या जुन्या खोल्यांच्या माळ्यावर हमखास एक बंद पंखा पडलेला असतो. 'काकू, तो वरचा पंखा टाकायचाय का?' असं विचारलं तर 'घेऊन जा बाबा, जागा तरी होईल' हेच उत्तर मिळतं. फुकट मिळतोच, वर तो कोणी घेतला होता, कधी बंद पडला आणि बंद पडताना वास आला होता की नुसताच थांबला, हेही कळतं. ही माहिती लाखमोलाची. वास येऊन थांबलेला पंखा म्हणजे जळलेलं वाइंडिंग. हळूहळू मंदावत थांबलेला म्हणजे बहुधा सुकलेलं तेल किंवा उतरलेला कंडेन्सर (मोटरला सुरू करून देणारा सुटा भाग), आणि ही दोन्ही कामं घरी होतात.

दुसरी जागा म्हणजे पुनर्विकासाला निघालेली चाळ किंवा सोसायटी. लोक फ्रीज, टीव्ही नेतात, पंखे मागे ठेवतात. त्या इमारतीचा भंगारवाला कोण आहे ते वॉचमनला विचारून ठेवा आणि तो ट्रक भरायच्या आत गाठा. भंगारवाला पंखा किलोने मोजतो. लोखंडाचा भाव वेगळा, तांब्याचा वेगळा, हे त्याला पाठ असतं. त्याच्या हिशेबापेक्षा शंभर-दीडशे जास्त दिले तरी तो खूश आणि तुम्हीही.

चोर बाजार तिसऱ्या नंबरवर. हार्बर किंवा मध्य रेल्वेने सँडहर्स्ट रोडला उतरा, नाहीतर ग्रँट रोडहून चालत या. शुक्रवारी दुकानं बंद असतात, पण त्याच दिवशी पहाटेपासून रस्त्यावर जुमा बाजार भरतो आणि स्वस्त माल तिथेच असतो. पायजमा-चप्पलवर या, मोबाइल सांभाळा, आणि एकदम 'पंखा आहे का' असं विचारू नका. शेजारच्या इस्त्रीची किंमत आधी विचारा. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातही पंखे दिसतात, पण तिथला माल सिनेमावाल्यांनी आणि कॅफेवाल्यांनी चाळलेला असतो, भाव त्याच हिशेबाने.

घेताना हात लावून काय बघायचं

रंग बघू नका. रंग उडालेला असणं ही चांगली खूण आहे, कारण मग तो पंखा कोणी विकण्यासाठी नटवलेला नाही. हात या क्रमाने लावा.

आधी पातं बोटाने ढकला. पंखा मोकळा फिरून हळू थांबला तर उत्तम. जड फिरला तरी चालेल, ते बहुतेक वेळा चिकट झालेलं तेल असतं. फिरताना एका ठिकाणी अडकून 'खर्र' वाजलं तर रोटर (मोटरचा फिरता भाग) स्टेटरला (स्थिर भागाला) घासतोय. तो ठेवून द्या.

मग जाळीतून बोटं घालून पात्यांचा मधला भाग धरा आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलवा. शाफ्ट, म्हणजे मधला दांडा, आत-बाहेर थोडा सरकला तर हरकत नाही, तेवढी ढील ठेवलेलीच असते. पण आडवा 'टक टक' हलला तर बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी, झिजलाय. बुश बदलता येतो, पण पहिल्याच पंख्यात ते काम अंगावर घेऊ नका. माझ्या मते पंख्याचा भाव ठरतो तो या एका हालचालीवर. बाकी सगळं दुरुस्त होतं किंवा दुर्लक्ष करण्यासारखं असतं.

नंतर नाक मोटरच्या मागच्या भोकांजवळ न्या. जळलेल्या वाइंडिंगचा वास वर्षानुवर्षं जात नाही. तिखट, जळक्या वार्निशसारखा वास आला की दुकानदार कितीही 'चालू है सेठ, लगा के दिखाऊं?' म्हणाला तरी पुढच्या दुकानाकडे वळा. आणि तो लावून दाखवतो म्हणाला तर हात लांब ठेवा. कुरतडलेल्या वायरीची दोन उघडी टोकं सॉकेटमध्ये खुपसून तो पंखा चालवून दाखवेल, त्याला सवय आहे, तुम्हाला नाही.

शेवटी पाती मोजा आणि एकमेकांशी ताडून बघा. एक पातं वाकडं असेल तर पंखा जन्मभर थरथरणार. एखादं पातं वेगळ्या पंख्याचं बसवलेलं असणं हाही नेहमीचा प्रकार.

पट्टीवर काय लिहिलंय

मोटरवर किंवा बेसखाली धातूची छोटी पट्टी असते. ती वाचता येईल असा पंखा थोडा महाग पडला तरी घ्या, कारण वय तिच्यावरून कळतं. 'आयएसआय'चं चिन्ह असेल तर पंखा १९५५ नंतरचा, कारण त्या चिन्हाची योजना तेव्हाच सुरू झाली. पत्त्यात 'बॉम्बे-२८' असा एक-दोन आकडी विभाग असेल तर तो बहुधा १९७२ च्या आधीचा, कारण सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. व्यास मिलिमीटरमध्ये नसून इंचांत असेल तर पट्टी त्याहून जुनी असण्याची शक्यता मोठी. वारंवारितेपुढे हर्ट्झऐवजी 'सायकल' असेल तर तेही जुनेपणाचंच लक्षण. क्रॉम्प्टनच्या पट्टीवर 'पार्किन्सन' असेल तर खुशीत घरी या. 'ग्रीव्हज' हे नाव १९६६ च्या सुमाराचं, 'पार्किन्सन' त्याआधीचं.

पण पट्टी वाचायचं खरं कारण वय नव्हे, व्होल्टेज. आपल्या घरी २३० व्होल्ट, ५० सायकलचा ए.सी. पुरवठा आहे. पट्टीवर 'डी.सी.' एवढंच असेल तर तो पंखा आपल्या सॉकेटचा नाही, लावला तर धूर निघेल. ११० किंवा ११५ व्होल्टचा परदेशी पंखा असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. तो पंख्याहून जड असतो आणि कधी कधी महागही. मुंबईत असे अडनिडे पंखे खूप सापडतात, कारण रे रोडजवळच्या दारूखान्यात जहाजं तोडली जातात आणि जहाजांवरचे पंखे तिथून शहरभर पसरतात. दिसायला फार देखणे, जाड पितळी जाळीचे, आणि नवशिक्यासाठी पूर्ण निरुपयोगी.

रेल्वेच्या डब्यातला पंखाही असाच मोहात पाडतो. तो छोटा, गोल पिंजऱ्यातला, ११० व्होल्ट डी.सी.वर चालणारा. त्यावर रेल्वेचा शिक्का असेल तर अजिबात हात लावू नका. रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगणं हा १९६६ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि 'मला माहीत नव्हतं' हे आरपीएफला ऐकवण्यात मजा नाही. लिलावात घेतल्याची पावती दुकानदार दाखवत असेल तर गोष्ट वेगळी. तशी पावती मी अजून पाहिलेली नाही.

आणखी एक सावधगिरी. नवे बनवलेले 'जुने' पितळी पंखे बाजारात भरपूर आहेत. पितळ पातळ पत्र्याचं, चमक सगळीकडे सारखी, आणि स्क्रूच्या डोक्यावर फुलीची खाच. जुन्या पंख्यांचे स्क्रू एका सरळ खाचेचे असतात आणि त्या खाचा थोड्या झिजलेल्या असतात. मळ कोपऱ्यांत दिसला पाहिजे, सपाट भागावर नाही.

घरी आणल्यावर पहिलं काम: प्लगला लावायचा नाही

हे सांगूनही कोणी ऐकत नाही, म्हणून ठळक अक्षरांत. जुन्या वायरीवरचं रबर कडक होऊन भुगा झालेलं असतं. बेसच्या आत ती वायर कुठे उघडी पडून बिडाला टेकली असेल तर पूर्ण पंखा 'लाइव्ह' होतो. त्या काळच्या टू-पिन प्लगला अर्थिंग नसायचं, त्यामुळे फ्यूजही उडत नाही. पुढचा माणूसच उडतो.

साधा मल्टिमीटर घ्या, लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. पंख्याचा स्विच सर्वांत जोरात ठेवा आणि प्लगच्या दोन पिनांमधला रोध मोजा. टेबल फॅनला काहीशे ओहम यायला हवेत. शून्याच्या जवळ आला तर शॉर्ट, काहीच आलं नाही तर वायर, स्विच किंवा वाइंडिंग कुठेतरी तुटलंय. मग एक टोक पिनेला आणि दुसरं रंग खरवडलेल्या धातूला लावा. इथे मीटरने काहीच दाखवता कामा नये. काही आकडा आला तर गळती आहे.

मीटरमध्ये सगळं ठीक दिसलं तरी पहिला करंट 'सिरीज'मधूनच द्यायचा. म्हणजे लाकडी बोर्डवर एक होल्डर आणि एक सॉकेट असं जोडायचं की सॉकेटला जाणारा करंट बल्बमधून जाईल. प्रत्येक इलेक्ट्रिशियनकडे हा बोर्ड असतो, तुम्हाला जमत नसेल तर त्याच्याकडून करून घ्या. बल्ब जुन्या तारेचा, १०० वॅटचा हवा. एलईडी इथे कामाचा नाही. बल्ब पूर्ण पेटला म्हणजे आत शॉर्ट आहे. मंद लालसर पेटला आणि पंखा गुणगुणला तर वाइंडिंग जिवंत आहे. या वेळी पंखा लाकडी टेबलावर ठेवा, अंगाला हात लावू नका, पायात चप्पल घाला.

जून ते सप्टेंबरमध्ये आणलेला पंखा असेल तर याच्याही आधी तो सुकवा. आपली हवा वाइंडिंगमध्ये ओल भरते आणि गळती नसलेला पंखाही गळती दाखवतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात मोटर आणि ६० वॅटचा पेटता बल्ब, बल्ब खोक्याला न टेकवता, दिवसभर ठेवा. तुम्ही घरात जागे असतानाच. मग पुन्हा मोजा. वाइंडिंगवाल्याकडे मेगर, म्हणजे गळती मोजणारा मोठ्या व्होल्टेजचा मीटर, असतो. त्याच्या ५०० व्होल्टवर दोन मेगाओहमच्या वर रोध आला की निर्धास्त व्हा.

उघडताना

प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. अंड्यांचा ट्रे घ्या आणि काढलेला प्रत्येक स्क्रू काढल्याच्या क्रमाने खणांत टाका.

पुढची जाळी, मग पातं. जुन्या पंख्यात पातं शाफ्टवर एका छोट्या स्क्रूने घट्ट केलेलं असतं. तो पुरता सैल केल्याशिवाय ओढू नका. नंतरच्या पंख्यांत पुढे फिरकीची टोपी असते आणि तिचे आटे बहुतेक उलटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर ती सुटते. जोर लावण्याआधी हे आठवा. पातं अडलं असेल तर मागून हातोडी मारू नका. दोन दिवस रोज थोडं गंज सोडवणारं द्रव्य सोडा आणि मग पिळत पिळत काढा.

अडलेल्या स्क्रूचं डोकं मोडलं की नवा घालावा लागतो, आणि इथे नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात जाण्याआधी एक माहीत असू द्या. जुन्या पंख्यांत ब्रिटिश बी.ए. मापाचे आटे असतात. २ बी.ए. दिसायला आजच्या पाच मिलिमीटरच्या स्क्रूसारखा दिसतो, पण तो तसा नाही. पाच मिलिमीटरचा दामटला तर बिडातले आटेच जातात. जुना स्क्रू सोबत न्या आणि जोडीला जोड बघून घ्या.

मोटरची दोन झाकणं लांब बोल्टांनी धरलेली असतात. बोल्ट काढण्याआधी दोन्ही झाकणांवर आणि मधल्या भागावर टोकदार वस्तूने एक छोटी रेघ ओढा. जोडताना ती रेघ एका ओळीत आली नाही तर पंखा जाम होतो.

बुश, तेल आणि खोबरेल

इथे वेळ घालवा, कारण जुन्या पंख्याचं नव्वद टक्के आरोग्य इथे असतं. शाफ्ट दोन टोकांना गनमेटलच्या बुशमध्ये फिरतो. बुशभोवती लोकरीच्या नमद्याची चकती असते, ती तेल धरून ठेवते आणि शाफ्टला थोडं थोडं पाजते. वर्षांनुवर्षं बंद पंख्यात ही चकती काळी, कडक झालेली असते.

तिला टर्पेंटाइनमध्ये रात्रभर भिजवा, दाबून मळ काढा, कागदावर सुकवा. फाटली असेल तर नमद्याची नवी कापा. शाफ्टवरचा पिवळा, लाखेसारखा थर टर्पेंटाइन आणि जुन्या सुती कपड्याने जातो. शाफ्टवर ओरखडे असतील तर सर्वांत बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून हलकेच फिरवा. पण खोल खाच नखाला लागत असेल तर पॉलिशने भागणार नाही. साकीनाक्याच्या गाळ्यांतला लेथवाला गनमेटलचा नवा बुश शाफ्टच्या मापाने काढून देतो. त्याला शाफ्ट आणि जुना बुश दोन्ही द्या, नुसतं माप सांगू नका.

तेल कुठलं? आयएसओ ६८ ग्रेडचं साधं मशीन ऑइल. शिलाई मशीनचं तेल पातळ असतं, लवकर निघून जातं, पण ऐन वेळी चालतं. गाडीचं इंजिन ऑइल नको, त्यातल्या साफ करणाऱ्या रसायनांचं इथे काम नाही. स्प्रेच्या डब्यातलं गंज सोडवणारं द्रव्य म्हणजे तेल नव्हे, त्यावर पंखा चार दिवस गोड चालतो आणि मग कोरडा पडतो. आणि खोबरेल तेल कदापि नको. आपल्या घराघरांत पंख्याला, शिवणयंत्राला, दाराच्या बिजागरीला खोबरेल घालायची रीत आहे. ते काही महिन्यांत चिकट होऊन बुशमध्ये डिंक तयार होतो. माळ्यावरच्या निम्म्या 'बिघडलेल्या' पंख्यांचं कारण हा डिंकच असतो असं माझं मत आहे. टर्पेंटाइनने धुतल्यावर ते पंखे निमूट चालू लागतात.

चकतीला तेल पाजा, बुशमध्ये दोन-चार थेंब, बस. जास्तीचं तेल वाइंडिंगवर उडतं आणि धूळ धरतं.

मान फिरवणारं यंत्र

मोटरच्या मागे छोटी पेटी असते. वरची मूठ दाबली की पंखा डावी-उजवीकडे बघू लागतो. झाकण उघडलंत की आत तपकिरी, मेणासारखं घट्ट ग्रीस दिसेल. शाफ्टच्या टोकावर कापलेले आटे एका चक्राला फिरवतात, ते चक्र दुसऱ्याला, आणि वेग कमी होत होत खालच्या दांड्याला जातो. चक्र पितळी असेल तर देव पावला. फायबरचं असेल तर दाते एकेक करून तपासा, मधोमध झिजलेले असतील तर तो पंखा मान हलवणं सोडून देईल. तरी तो वाया जात नाही, मूठ वर ठेवा आणि सरळ वारा घ्या.

लाकडी काडीने जुनं ग्रीस खरवडा, टर्पेंटाइनने धुवा, कापडाने पुसा आणि मग साधं लिथियम ग्रीस चक्राच्या दात्यांना चोपडा, पेटी गच्च भरू नका. ग्रीस भरून ठेवलं की जड पडतं आणि पंखा हळू होतो.

वायर, कंडेन्सर, अर्थिंग

जुनी वायर ठेवण्याचा मोह टाळा. कापडी वेष्टणाची वायर दिसायला छान असते. आवडत असेल तर नव्या वायरीवर कापडी नळी चढवा. पण आत तीन तारांची, ०.७५ चौरस मिलिमीटरची नवी वायर हवी, आणि तिसरी, हिरवी तार धातूच्या अंगाला रंग खरवडून, वॉशर लावून बोल्टने घट्ट बांधायची. थ्री-पिन प्लग. बेसमध्ये वायर जिथून शिरते तिथे रबरी बुश असतो, तो गेला असेल तर नवा घाला, नाहीतर बिडाची कड नवी वायरही कापेल. हे सगळं लोहार चाळीत एका फेरीत मिळतं.

आता कंडेन्सर. पंखा गुणगुणतो पण सुरू होत नाही, हाताने धक्का दिला की चालतो, अशी तक्रार ऐकली की सगळे म्हणतात 'कंडेन्सर बदल'. बहुतेक वेळा बरोबर, पण एक परीक्षा आहे. लाकडी काडीने पात्याला आधी एका दिशेने आणि मग, थांबवून, उलट दिशेने ढकला. दोन्ही दिशांनी पंखा धावू लागला तर कंडेन्सरच गेलाय, कारण दिशा ठरवण्याचं काम तोच करतो. उलट दिशेने ढकलूनही तो आपल्याच दिशेला येऊ पाहत असेल तर कंडेन्सर ठीक, बुश घट्ट आहे. काही छोट्या, जुन्या पंख्यांत कंडेन्सर नसतोच. वाइंडिंगच्या खांबावर तांब्याची जाड कडी दिसली तर तो तसला पंखा, शोधत बसू नका.

नवा कंडेन्सर जुन्यावर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच घ्या, ४४० व्होल्टचा. 'मोठा घातला की जोरात चालेल' असं सांगणारा दुकानदार भेटेल. जोरात चालेलही, आणि तापेलही. जुना तेलकट, फुगलेला कंडेन्सर फोडू नका. त्या काळच्या काही कंडेन्सरांत अंगाला न लागलेलंच बरं असं तेल असायचं. पिशवीत बांधून ई-कचऱ्यात द्या.

वाइंडिंग जळलेलंच निघालं तर आधी खर्च विचारा. तो बहुतेकदा पंख्याहून जास्त येतो. करायचंच ठरवलंत तर वाइंडिंगवाल्याला दोनच गोष्टी सांगा: तार तांब्याची, आणि जुन्या कॉइलचे वेढे मोजल्याशिवाय ती कापायची नाही.

रंग आणि पितळ: कमीत कमी

इथे माझं बहुतेकांशी पटत नाही. पंखा हाती आला की लोक तो पावडर कोटिंगला देतात आणि लालभडक करून आणतात. त्या काळचा हिरवा-करडा हॅमरटोन (ठोकलेल्या पत्र्यासारखा दिसणारा), क्रीम किंवा आकाशी रंग एकदा गेला की परत येत नाही, आणि पट्टीही रंगाखाली जाते. आधी कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण वापरा, मोटर बाजूला ठेवून. मग गाडीचं रबिंग कंपाउंड मऊ कपड्याने फिरवा. कळकट तपकिरी वाटलेला रंग बघता बघता खालून वर येतो, आणि अर्ध्या पंख्यावर कंपाउंड फिरवून झाल्यावर दोन्ही बाजू शेजारी बघण्यात जी मजा आहे ती नव्या रंगात नाही.

जाळी आणि बेसवर गंज असेल तिथेच पॉलिश पेपर, तोही पाण्यात भिजवून. जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९०) मर्यादा लागू झाली ती २०१७ मध्ये. कोरडं घासून ती धूळ घरात उडवू नका, घरात लहान मूल असेल तर मुळीच नाही. क्रोमच्या जाळीवर पाण्यात बुडवलेला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा घासला तर वरवरचा गंज निघतो.

पितळी पात्यांना चिंच किंवा पितांबरी, आपल्या देवघरातल्या समईला लावतो तसंच. लगेच धुवा आणि पूर्ण कोरडं करा. ॲल्युमिनियमच्या पात्यांना मात्र चिंच, लिंबू काही लावू नका. त्यांना साबण पुरे. पॉलिश करताना पातं मांडीवर दाबू नका. त्याचा पीळ थोडा जरी बदलला तरी तोल जातो.

रंग लावणारच असाल तर जुलै-ऑगस्टमध्ये लावू नका. ओल्या हवेत स्प्रेचा रंग पांढुरका पडतो.

जोडणी आणि पहिला तास

झाकणांच्या रेघा जुळवा, लांब बोल्ट समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळा. दर थोड्या पिळानंतर शाफ्ट बोटांनी फिरवून बघा. शेवटच्या पिळात जड झाला तर लाकडी हातोडीने झाकणाच्या कडेला हलके टोले द्या, फिरवत राहा. कुठल्या तरी एका टोल्याला बुश आपल्या जागी बसतो आणि शाफ्ट एकदम मोकळा होतो. बोटांना तो क्षण स्पष्ट कळतो. तो येईपर्यंत बोल्ट पुरे आवळायचे नाहीत.

पातं बसवून झाल्यावर पात्याच्या टोकाजवळ एक पेन्सिल स्टँडला बांधून उभी करा आणि हाताने पंखा फिरवा. प्रत्येक टोक पेन्सिलीपासून सारख्याच अंतरावरून जायला हवं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो.

मग पुन्हा सिरीज बोर्ड, मग थेट सॉकेट, शक्यतो आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलेल्या लाइनवर. पहिला तास समोर बसा. दर दहा मिनिटांनी बंद करून, प्लग काढून मोटरला हात लावा. जुने पंखे कोमट होतातच. हात ठेवता येत नाही इतका तापला तर थांबा, एकतर बुश घट्ट आहे नाहीतर वाइंडिंगचे काही वेढे आपसांत जुळलेत. सगळं ठीक असलं तरी या पंख्यांत आजच्यासारखी तापल्यावर तोडणारी सोय नसते. रात्रभर लावून झोपू नका, आणि घराला कुलूप लावून जाताना तर नाहीच. जुन्या जाळ्यांच्या तारांत लहान मुलाचा पूर्ण हात जातो, हे जाळीकडे एकदा मुलाच्या उंचीवरून बघितलंत की कळेल.

छताचे पंखे

दोन-चार टेबल फॅन हाताखालून गेल्यावरच. मोटरचं काम सारखंच आहे, बुशऐवजी बहुतेकांत ६२०१ आणि ६२०२ नंबरचे बॉल बेअरिंग, नागदेवीला सहज मिळतात. फार जुन्यांत तेलाची वाटी असते, ती उलटी धरली की सगळं तेल शर्टावर. पण खरी जोखीम वर आहे. जुन्या इमारतीत पंख्याचा हुक लाकडी तुळईत किंवा गंजलेल्या सळईत असतो. पंखा आठ-दहा किलोचा आणि फिरता. हुक जाणकाराला दाखवा, रबर आणि स्प्लिट पिन नवी घाला, आणि हुकाला वेगळी स्टीलची दोरी बांधून पंखा तिलाही धरून ठेवा. त्याच्याबरोबर आलेला जुना पेटीएवढा रेग्युलेटर भिंतीवर शोभेला ठेवा. त्याच्या आत रोधाची तार असते, वेग कमी केलात तरी उरलेली बरीचशी वीज ती उष्णता म्हणून घालवते. नवा साधा स्टेप रेग्युलेटर वापरा.

आणि बिलाचा हिशेब: जुना छताचा पंखा ७५-८० वॅट आणि त्याहून जास्तही खातो, आजचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा) तीसच्या आसपास. रोज चोवीस तास चालवायला जुना पंखा घेऊ नका.

देखभाल फार नाही. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, बुशला दोन थेंब तेल, वायर जिथे वळते तिथे बोट फिरवून भेगा बघायच्या, अर्थिंगचा बोल्ट आवळायचा. पावसाळ्यात वापर नसेल तर पंखा प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, आत घाम सुटतो आणि ऑगस्टमध्ये जाळीवर गंज दिसतो. जुनी सुती चादर टाका. आणि बेसखाली एक चिठ्ठी चिकटवून ठेवा: कंडेन्सर किती मायक्रोफॅरडचा, तेल कुठलं, वायर कधी बदलली, मोटरच्या कुठल्या रंगाची तार कुठे जोडली.